गाडीतली तिरपी रेघ

१

गाडीत होतं ते असं. सीट पाच, त्यांपैकी चारांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. सीटबेल्ट पाच. पायाखालचे गालिचे दोन: पुढचा करडा, मागचा काळा. पुढच्या दिव्यांपैकी डाव्याच्या काचेला आतून घाम. सुगंधाच्या कुप्या सहा, सगळ्या उघड्या: तीन लिंबाच्या, दोन गुलाबाच्या, एकीचं लेबल गळून पडलेलं. ड्रायव्हरच्या सीटखालच्या रुळाच्या खाचेत कान कोरायच्या काड्या चार, बोळे निघून गेलेल्या. एक झुरळ, उताणं, फुगून दुप्पट झालेलं. मीटरवर किलोमीटर एकतीस.

काड्या मी चिमट्याने पिशवीत घेतल्या. झुरळही घेतलं, कारण ते वाळलेलं नव्हतं आणि नव्या गाडीत ते फुगायला कारण हवं.

मॅडमनी गाडीत डोकं घातलं, एकच श्वास घेतला, डोकं बाहेर काढलं आणि कडेच्या चरात थुंकल्या. चर नुकताच खणलेला होता. त्यात ड्रेनेजचा नवा पाइप दिसत होता, वरचं डांबर अजून पडायचं होतं.

"वर गुलाब आणि लिंबू," त्या म्हणाल्या, "आणि खाली संडास."

मॅडम विमा कंपनीसाठी नुकसान झालेल्या गाड्या तपासतात. नुकसान कसं झालं आणि कोणामुळे, हे त्या ठरवतात आणि सही करतात. धंद्यातले लोक त्यांना पाठीमागे 'नाक' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन यंदाच त्यांच्याकडे लागले. त्या वास घेतात, मी मोजते.

गाडी एका निवृत्त ग्रंथपालांची. त्यांच्या बायकोची फुप्फुसं कमकुवत, सारखं दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून त्यांनी गाडी बुक केली होती. मग गाड्यांच्या कारखान्यात पूर शिरला. तो ओसरला तर वायरी पुरवणाऱ्याकडे शिरला, त्यानंतर गालिचे पुरवणाऱ्याकडे. शोरूमला फोन केला की उत्तर एकच: पूर. शेजारी रोज विचारायचे, आली का गाडी? ग्रंथपाल सांगायचे, पोहत येतेय, दमली की थांबते.

शेवटी गाडी आली. रिबीन कापली, फोटो काढला. घर यायच्या आत बायकोला धाप लागली. आता ती ऑक्सिजनवर होती. ग्रंथपालांनी दवाखान्यातून गाडी थेट शोरूमच्या दारात आणून उभी केली, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि रिक्षाने परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, की भिजलेलं पुस्तक कोणी नवं म्हणून विकत नाही.

शोरूमने विम्याचा दावा केला. कारण दिलं: गाड्या धुणाऱ्या बाईचा निष्काळजीपणा. तिला सगळे मावशी म्हणत. तिला काढून टाकायचं ठरलं होतं, आणि मुद्दाम नुकसान केल्याची पोलीस तक्रारही तयार होती. अडलं होतं फक्त मॅडमच्या सहीवाचून. सही झाली असती तर मावशींना या गावात कोणी गाडीला हात लावू दिला नसता.

"चल," मॅडम म्हणाल्या. "आत जाऊ. तिथे आणखी घाण वास येणार आहे."

२

मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये खरंच वास येत होता. महागड्या अत्तराचा. मालक दात कोरत बोलत होते आणि कोरणीच्या टोकावर काय निघालं ते दर वेळी नीट बघत होते.

पुराने आमचं कंबरडं मोडलं, असं त्यांनी सुरू केलं. कारखान्याचं आवार गुडघाभर चिखलात, पुरवठादार बुडालेले, गिऱ्हाईक शिव्या घालतंय, आणि अशात एक गाडी कशीबशी येते तर ही बाई तिची वाट लावते. बोलताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. दोन्ही वेळा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

बाकीची हकीकत त्यांच्या जावयाने सांगितली. तो शोरूमचा मॅनेजर. नोकर त्याला समोर साहेब म्हणत आणि तो वळला की जावईबापू. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी आदल्या दिवशी ट्रेलरवरून उतरली. मावशींनी दारं सताड उघडी ठेवून पाइप मारला, वर काही सांगितलंही नाही. सकाळी गाडी ग्रंथपालांना दिली.

मॅडमनी विचारलं, कारखान्यातच भिजून आली नसेल कशावरून? जावईबापू घाईने म्हणाला, छे, कारखान्याचा काही दोष नाही, त्यांना मध्ये आणायचं कारण नाही. सगळे महिने पुराला शिव्या देणारा माणूस अचानक कारखान्याची बाजू घेऊ लागला, हे मी मनात टिपलं.

ते बोलत असताना मी शोरूममध्ये हिंडले. काचेमागे तीच, त्याच मॉडेलची गाडी मांडली होती. दार उघडून पाहावं म्हटलं तर कुलूप. काचेला नाक लावलं तेव्हा खाली नुसते ब्राऊन पेपर पसरलेले दिसले, पुढेही आणि मागेही.

जावईबापू लगेच मागे आला. "यात बसू देत नाही कोणाला. लोक पाय पुसत नाहीत."

मागच्या अंगणात एक लोखंडी शटर खाली ओढलेलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत कमरेपर्यंत नव्याने रंगवलेली, त्याच्यावरती जुनी. आत काय आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, जुनं फर्निचर. रंग अजून बोटाला लागत होता.

३

मावशी धुलाईच्या जागेत रबरी बूट घालून बसल्या होत्या. काम बंद केलेलं, तरी बूट काढले नव्हते. मॅडम त्यांच्या शेजारी उलट्या बादलीवर बसल्या.

गाडी आपल्याकडे आली तेव्हाच घाण मारत होती, असं मावशींनी सांगितलं. दारं बंद, काचा वर. आपण नुसतं बाहेरून धुतलं. वासाचं साहेबांना सांगितलंही.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मावशी, नव्या गाडीचा वास असाच असतो, तुम्ही कधी नवी घेतली आहे का?" मावशींनी ओठ पुसले. "मी म्हटलं, नाही बापा. पण नाक तर जुनंच आहे माझं."

मॅडम हसल्या. त्या दिवसात एवढ्यानेच.

गाडी कुठून आली, असं मी विचारलं. मावशींनी अंगणाच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिकडून. उलटी आली, रिव्हर्समध्ये. साहेब स्वतः आणत होते, मान वळवून वळवून. घामाघूम झाले होते."

मला त्याचा अर्थ लागला नाही.

ट्रेलरवाला फाटकाबाहेर आपल्या दुमजली गाडीच्या पायरीवर डबा खात होता. आम्हाला पाहून त्याने डबा झाकला, जणू आम्ही त्यातही बोट घालणार होतो. कुठली गाडी कधी उतरवली हे आठवत नाही, पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच, असं तो म्हणाला. उतरवलेली गाडी पुढच्या फाटकातून सरळ आत जाते, मागे आपण कधी गेलोच नाही. वाटेत पुराचं पाणी लागलं होतं का, असं मॅडमनी विचारलं.

"बाई, माझ्या वरच्या मजल्यावर पूर चढला असता तर मी तुमच्याशी बोलायला उरलो असतो का?"

"खालच्या मजल्यावर?"

"खालचं पाणी आधी माझ्या इंजिनात शिरतं. इंजिन कोरडं आहे, बघा पाहिजे तर." मग त्याने डबा पुन्हा उघडला.

४

शोरूमच्या मेकॅनिकने गाडी सपाट फरशीवर घेतली. मॅडमनी पुढचा सीटबेल्ट ओढला. लोक बेल्ट हवा तेवढाच ओढतात. मॅडमनी तो शेवटपर्यंत, गुंडाळीतलं सगळं संपेपर्यंत ओढला. शेवटचा हातभर पट्टा तपकिरी आणि ताठ होता. नखाने खरवडल्यावर पापुद्रे निघाले आणि तो वास एकदम वर आला. मेकॅनिक नाकाला फडकं लावून बाजूला झाला.

"सीट धुतल्या, गालिचे बदलले," मॅडम म्हणाल्या, "पण बेल्टची गुंडाळी कोण उलगडतो? माणूस दिसतं तेवढंच पुसतो. पट्ट्या काढ रे."

मेकॅनिकने दारांच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटल्या. मागे पत्र्यावर गाळाची रेघ होती, बारीक आणि स्पष्ट. पाणी शिंतोडल्याने अशी रेघ येत नाही. पाणी साचून उभं राहावं लागतं.

म्हणजे गाडी बुडाली होती. जावईबापूचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग मालकच पुढे झाले. त्यांनी कोरणी खिशात ठेवली.

धुलाईच्या जागेची मोरी त्या दिवशी तुंबली होती, असं ते म्हणाले. गटाराचं पाणी उलटं आलं. मावशींनी गाडी तिथेच राहू दिली आणि भीतीने कोणाला सांगितलं नाही. लाजेखातर आपणही हे लपवलं. गरीब बाई, म्हटलं जाऊ दे.

हे ऐकायला अंगावर आलं, पण बसतही होतं. गटाराचं पाणी म्हणजे काड्या आल्या, झुरळ आलं, वास आला. मावशी दारात उभ्या होत्या. नुसतं मान हलवत राहिल्या, नाही नाही म्हणून, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "रेघ मोजलीस?"

मी मोजत होते. आणि रेघ चुकीची होती.

५

मी दाराच्या उंबऱ्यापासून रेघेपर्यंतची उंची घेतली. गाडीच्या पुढच्या खांबापाशी, पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांजवळ, एकतीस सेंटीमीटर. मागच्या खांबापाशी नऊ. दोन्ही खांबांमध्ये अंतर दोन मीटर. गाडीच्या दुसऱ्या बाजूलाही तेच आकडे आले, अर्ध्या सेंटीमीटरच्या आत.

पाणी तिरपं उभं राहत नाही. रेघ तिरपी असेल तर पाणी सपाट होतं आणि गाडी तिरपी होती, नाक खाली करून. दोन मीटरला बावीस सेंटीमीटर एवढी.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बरोबरच आहे ना, बाळा. धुलाईची फरशी उताराचीच असते. पाणी वाहून जायला नको?"

माझ्याकडे दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी होती आणि गवंड्याची लेव्हल. धुलाईच्या फरशीवर पट्टीचं एक टोक वरच्या अंगाला टेकवलं, दुसरं उचलत नेलं, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला तिथे थांबवलं आणि टोकाखालची फट मोजली. चार सेंटीमीटर. बावीस नाही. शिवाय त्या जागेला कठडा घोट्याएवढा. पाणी गाडीच्या उंबऱ्यापर्यंत चढण्याआधी कठडा ओलांडून अंगणात पसरलं असतं.

"उतार काय जगात हजार असतात," जावईबापू म्हणाला. आवाज चिरकला.

"हजार नसतात," मॅडम म्हणाल्या. "आपण मोजू. कारखान्याचं आवार सपाट. तिथे बुडाली असती तर रेघ सपाट आली असती आणि चिखल नदीचा असता, त्यात कान कोरायच्या काड्या नसत्या. ग्रंथपालांच्या बिल्डिंगखाली मी सकाळी जाऊन आले. सपाट आणि कोरडं. ट्रेलरवर गाडी तिरपी असते, पण त्याचं इंजिन कोरडं आहे. उरलं काय?"



मॅडम अंगणात चालत गेल्या आणि शटरसमोर थांबल्या. मग त्यांनी एकेक गोष्ट, माझ्याकडून ऐकलेलीही, जागच्या जागी ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही.

बाहेर रस्त्यात ड्रेनेजचा नवा पाइप टाकलाय, म्हणजे जुना फुटला होता. तो फुटला तेव्हा घाण सगळ्यात खोल जागी उतरली असणार. शटरच्या बाजूची भिंत फक्त कमरेपर्यंत रंगवली आहे. माणूस भिंत अर्धी रंगवतो ती डाग लपवायला. गाडी धुलाईला मागच्या बाजूने, उलटी आली. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी बाहेर काढायची तर रिव्हर्समध्येच काढावी लागते. आणि गालिचे. पुरवठादार पुरात बुडाला, बाजारात गालिचा मिळत नाही. मग काचेमागच्या गाडीचा काळा मागे घातला, तिचा पुढचा आधीच दुसऱ्या कुठल्या गाडीत गेला असणार, म्हणून पुढे कुठून तरी करडा मिळवला. म्हणून त्या गाडीला कुलूप, म्हणून तिच्यात कागद.

"ही गाडी आदल्या दिवशी आलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या. "आदल्या दिवशी आलेल्या गाडीत त्याच्याही आधी फुटलेल्या पाइपची घाण कशी शिरेल? ती कधीची इथे आहे. पूर कारखान्यात खरा होता. पण तुम्ही पुराचं निमित्त सांगून आलेल्या गाड्या कोंबून ठेवल्या आणि लोकांना थांबायला लावलं, जो जास्त देईल त्याच्यासाठी. कारखान्याचे लोक तपासायला आले असते तर हेच बाहेर पडलं असतं. म्हणून कारखान्याचा दोष नाही आणि मावशींचा आहे."

मालकांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने मालकांकडे. इतक्या वर्षांच्या नात्यात दोघांनी एकमेकांकडे इतकं नीट कधी पाहिलं नसावं.

"किल्ली," मॅडम म्हणाल्या.

६

शटर वर गेलं आणि मेकॅनिक भिंतीला धरून ओकला.

आत रॅम्प होता, तळघरात उतरणारा. रॅम्पवर दोन गाड्या, नाकं खाली, प्रत्येकीच्या पुढच्या चाकांना विटा लावलेल्या. त्यांच्या वर, शटरलगत एक जागा रिकामी. तिथे दोन विटा तशाच पडल्या होत्या. खाली अंधारात, सपाटीवर पाच गाड्या टपापर्यंत तपकिरी झालेल्या. पाणी उपसलं होतं, गाळ तसाच होता. आरशांना केस आणि चिंध्या लोंबत होत्या. एका गाडीच्या पुढच्या काचेवर मोठी लाल रिबीन बांधलेली होती, देण्याच्या दिवसासाठी तयार. तिची फुलासारखी गाठ घाणीने भरून जड झाली होती.

सगळ्यात वरची गाडी सगळ्यात कमी बुडाली, म्हणून तीच पुसून ग्रंथपालांना दिली. मॅडमनी हे सांगितलं नाही. रिकाम्या जागेकडे पाहिलं की कळत होतं.

जावईबापू पायरीवर खाली बसला. सगळं सासऱ्यांनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणू लागला. ग्रंथपालांच्या बायकोला धाप लागेल असं वाटलं नव्हतं. आपण स्वतः दोनदा आत बसून पाहिलं, फारसा वास नव्हता. सहा कुप्या आपणच ठेवल्या.

मालक मात्र अजून उभे होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला होता आणि रुमालालाही अत्तर होतं.

"पाइप फुटला, आमचं नुकसान झालं," ते रुमालातून म्हणाले. "या गाड्या बुडाल्या, कबूल. पण तुमच्या समोरची ती गाडी इथलीच हे कशावरून? रॅम्प प्रत्येक बिल्डिंगला असतो. तिचं नुकसान मावशींनीच केलं, आणि मी कोर्टात तेच सांगणार. गाळाला काय जीभ असते?"

मावशी शटरबाहेर होत्या. त्या आता पुढे आल्या, बूट तसेच, आणि रॅम्पच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

मॅडमनी पर्समधून रिपोर्टचा कागद काढला आणि पेन उघडलं.

"ठीक आहे," त्या मालकांना म्हणाल्या. "त्या रिकाम्या जागेचा उतार मोजू. गाडीतल्या रेघेपेक्षा अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वेगळा आला तर मी मावशींच्या नावावर सही करते. इथेच, तुमच्यासमोर." मग माझ्याकडे न बघता, "मोज."

मला मॅडमचा राग आला. एका आकड्यावर त्या मावशींची भाकरी लावत होत्या आणि तो आकडा अजून कोणी पाहिला नव्हता. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पदर नाकावरून कसून बांधला.

"वरचं टोक मी धरू का, पोरी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पट्टीचं वरचं टोक शटरच्या अंगाला फरशीवर दाबून धरलं. मी खाली, दोन विटांच्या मधोमध, गाळात गुडघे टेकले. पट्टी उचलत नेली. लेव्हलचा बुडबुडा आधी पलीकडे गेला, मग अलीकडे, मग दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला. मी टेप खाली सोडली, टोक फरशीला लागल्याची खात्री केली आणि पुन्हा एकदा केली. मालक रुमाल खाली घेऊन वाकले होते. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

मी आकडा मोठ्याने वाचला.

दोन मीटरला एकवीस सेंटीमीटर, आठ मिलिमीटर.